निपाणी ते कोल्हापूर, व्हाया दिल्ली: दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करायचा असेल तर

निपाणी बसस्टँडवरून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. गाडी वेळेवर मिळाली तर तासाभरात माणूस पोचतो. पण निपाणीच्या कोर्टात चालू असलेला दावा कोल्हापूरच्या कोर्टात न्यायचा म्हटलं, तर वाट दिल्लीवरून जाते. मधे कोगनोळीचा टोलनाका आहे. तिथं राज्य बदलतं आणि त्याबरोबर हायकोर्टही बदलतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी, कागवाड या पट्ट्यात सोयरीक पलीकडं, शेत अलीकडं आणि उधारी दोन्हीकडं, असं अर्ध्याअधिक घरांचं चित्र. त्यामुळं "तिकडं तारखेला जायला जमत नाही, केस इकडं आणता येईल का?" असं विचारत आठवड्याला एक तरी पक्षकार माझ्या टेबलापाशी येतो. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी शब्द. कोर्टात याला दावा ‘वर्ग करणं’ म्हणतात. नवख्या माणसाला शाळाच आठवते, आणि आम्ही वकील तो शब्द इतक्या सहज वापरतो की अर्थ विचारायचा त्याला संकोच वाटतो. एका कोर्टातलं प्रकरण वरच्या कोर्टाच्या हुकमानं तिथून काढून दुसऱ्या कोर्टाकडं सोपवणं, इतकाच अर्थ.

पहिली पायरी: कोर्ट चुकीचं आहे की नुसतं लांबचं?

दोन्ही दुखणी वेगळी आणि त्यांची औषधंही वेगळी. त्या कोर्टाला हा दावा ऐकायचा अधिकारच नसेल, तर वर्ग करण्याच्या मागं लागू नका. त्याच कोर्टात हरकत घ्या. हरकत मान्य झाली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० खाली वादपत्र वादीला परत मिळतं आणि त्यानं ते योग्य कोर्टात नेऊन दाखल करायचं असतं. मात्र ही हरकत पहिल्याच संधीला, मुद्दे निघायच्या (म्हणजे वाद नेमका कशाकशावर ते कोर्टानं ठरवायच्या) आत घ्यावी लागते. कलम २१ चा तसा दंडकच आहे. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) दिली, मुद्दे निघाले, दोघांच्या साक्षी झाल्या आणि मग प्रतिवादीला आठवलं की हे कोर्ट आपलं नव्हे, तर त्याचं कोण ऐकणार?

कोर्टाला अधिकार आहे, फक्त तिथं जाणं जड जातंय, अशी परिस्थिती असेल तरच पुढचं वाचा.

दावा कुठं लागू शकत होता, ते पाहा

जमीन, घर, प्लॉट यांना कलम १६ लागतं: मिळकत जिथं, दावा तिथं. खानापूर तालुक्यातल्या शेताच्या वाटणीचा दावा सगळे भाऊ पुण्याला स्थायिक झाले म्हणून पुण्यात चालत नाही. इथं कुणीतरी आवाज खाली आणून विचारतोच, "वकीलसाहेब, आणि सीमाप्रश्नाचा निकाल लागला तर?" महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेला तो दावा राज्यांच्या हद्दीचा आहे. तुमच्या वाटणीच्या दाव्याची पुढची तारीख त्याच्यासाठी अडून राहत नाही.

एकाच घरची थोडी जमीन निपाणीला आणि थोडी कागलला असेल, तर कलम १७ कामाला येतं. दोन्हींपैकी कुठल्याही एका कोर्टात दोन्हीकडच्या जमिनींचा एकच दावा लावता येतो. शिवनारायण विरुद्ध माणिकलाल या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याला एक अट सांगितली आहे: सगळ्या मिळकतींबाबत दाव्यास कारण (ज्या घटनेतून दावा उभा राहतो ती) एकच हवं. आजोबांची वडिलोपार्जित जमीन एका हद्दीत आणि काकांनी परस्पर विकलेला वेगळाच प्लॉट दुसऱ्या हद्दीत, अशी मोट बांधता येत नाही.

पैशाच्या व्यवहाराला कलम २०: प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथं, नाहीतर दाव्यास कारण पूर्ण किंवा अंशतः घडलं तिथं. व्यापाऱ्यांनी इथं थांबून आपल्या बिलाची तळओळ वाचावी. ‘सब्जेक्ट टू कोल्हापूर ज्युरिस्डिक्शन’ (वाद झाला तर कोल्हापूरच्या कोर्टात) ही बारीक अक्षरातली ओळ आपल्याकडच्या निम्म्या बिलांवर असते आणि ती वाचायची कुणाला सवय नसते. दोन कोर्टांना अधिकार असताना पक्षकारांनी करारानं एक निवडलं तर ते चालतं, हे एबीसी लॅमिनार्टच्या १९८९ च्या निकालापासून पक्कं आहे. स्वस्तिक गॅसेसच्या २०१३ च्या निकालानं त्यात भर घातली की ‘फक्त’ हा शब्द नसला तरी अर्थ तोच निघू शकतो. जिथं काहीच घडलं नाही अशा कोर्टाला मात्र करार करूनही अधिकार देता येत नाही.

काही प्रकरणांत कायद्यानंच तुमची सोय करून ठेवलेली असते, आणि ती माहीत नसल्यानं लोक उगाच वर्ग-अर्जाचा विचार करत बसतात. अपघात भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्जदार राहतो तिथंही लागतो. म्हणजे महामार्गावर साताऱ्याजवळ धडक झाली तरी चिकोडीच्या जखमीला साताऱ्याला जायची गरज नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली भर पडली, तेव्हापासून बायको स्वतः राहते त्या ठिकाणी अर्ज करू शकते. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार ती तात्पुरती राहत असेल तिथंही चालते. ग्राहक तक्रार २०१९ च्या कायद्यानं तक्रारदाराच्या गावी करता येते. चेक न वटल्याची फिर्याद चेक खात्यात भरला असेल तर पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथं लागते. हा शेवटचा नियम मात्र देणेकऱ्याच्या अंगावर येतो: निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचं खातं कोल्हापूरच्या शाखेत असेल, तर अथणीच्या देणेकऱ्याला कोल्हापूरची वारी चुकत नाही.

कुणाचं दार ठोठवायचं?

जिल्ह्याच्या आतलं काम सोपं. खानापूरच्या कोर्टातला दावा बेळगावला आणायचा असेल तर कलम २४ खाली बेळगावच्या जिल्हा न्यायाधीशांकडं अर्ज. न्यायाधीश स्वतःहूनही तसा हुकूम करू शकतात.

जिल्हे दोन पण हायकोर्ट एक, उदाहरणार्थ उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळहून खानापूरला, तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. २००८ साली ते फिरतं पीठ म्हणून सुरू झालं आणि २०१३ ला कायम झालं. त्याआधी अशा एका अर्जासाठी रात्रभर प्रवास करून बेंगळूर गाठावं लागे. जुने पक्षकार ती जागरणं अजून विसरलेले नाहीत.

राज्यं दोन असतील तर फक्त सर्वोच्च न्यायालय, कलम २५. इथं गोंधळ फार होतो, कारण संहितेचं कलम २३(३) वाचलं की वाटतं, दावा जिथं चालू आहे तिथल्या हायकोर्टात गेलं तरी पुरे. काही हायकोर्टांनी तसे हुकूम केलेही होते. दुर्गेश शर्मा विरुद्ध जयश्री या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो मार्ग बंद केला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा पाठवायचा अधिकार हायकोर्टाला नाही.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं पीठ) बसायला लागलं, आणि लगेच आमच्याकडं विचारणा सुरू झाली की आता तिथूनच काम होईल ना? नाही होणार. त्या बेंचची हद्द कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. चंदगडचं प्रकरण सांगलीला पाठवायचं असेल तर ते तिथं होईल. चंदगडहून बेळगाव गाडीनं दीडेक तास, पण तिथं पाठवायचा हुकूम हे बेंच करू शकत नाही.

फौजदारी प्रकरणांना हाच जिना, कलमं वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सत्र न्यायाधीशांचा अधिकार कलम ४४८ मध्ये, हायकोर्टाचा ४४७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा ४४६ मध्ये आहे. प्रकरण एकाच सत्र विभागात फिरवायचं असेल, तर आधी सत्र न्यायाधीशांकडून नकार घ्यावा लागतो, मगच हायकोर्ट.

‘गैरसोय होते’ एवढ्यानं भागत नाही

पक्षकारांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. दावा कुठं लावायचा ते निवडायचा पहिला हक्क वादीचा, आणि कोर्ट तो सहजासहजी हिसकावून घेत नाही. रामकृष्ण हेगडे यांनी बेंगळूरच्या कोर्टात लावलेला अब्रूनुकसानीचा दावा दिल्लीला न्यावा म्हणून सुब्रमण्यम स्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांचा अर्ज फेटाळताना कोर्टानं सांगितलं की नुसती सोय पुरत नाही, त्या कोर्टात न्याय मिळायलाच अडसर येतोय हे दिसलं पाहिजे. फौजदारीत याहून कडक. मनेका गांधी विरुद्ध राणी जेठमलानी या खटल्यात निःपक्ष सुनावणी हाच पहिला निकष मानला गेला. पक्षकाराची हळवी शंका किंवा आपल्या गावात चांगले वकील मिळतात ही सबब तिथं चालली नाही.

मग काय चालतं? कुलविंदर कौरच्या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जी कारणं मोजली ती रोजच्या व्यवहारातली आहेत: दोन्ही पक्षांच्या सोयी-गैरसोयींचं पारडं, साक्षीदार कुठले, पुरावा कुठं आहे, वाद कशाचा आहे, एका ठिकाणी न्याय मिळणार नाही अशी वाजवी भीती आहे का. त्याच विषयावरचा दुसरा दावा आधीपासून दुसऱ्या कोर्टात चालू असेल, तर दोन्ही एकत्र ऐकले जावेत हे कारणही वजनदार ठरतं. दोन कोर्टांनी दोन उलटसुलट निकाल दिले तर घोळ कुणाचा?

नवराबायकोच्या प्रकरणात तराजू बायकोकडं झुकतो. एन. सी. व्ही. ऐश्वर्या प्रकरणात २०२२ साली कोर्टानं म्हटलं की आपल्या समाजातली आर्थिक परिस्थिती पाहता साधारणपणे बायकोची सोय बघितली जावी. यात ‘साधारणपणे’ हा शब्द विसरू नका. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि बायको चांगल्या पगाराच्या नोकरीत असेल तर पारडं फिरतं. आणखी एक मेख आहे. दोघांनी घटस्फोटाचे वेगवेगळ्या कोर्टात अर्ज केले, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २१-अ प्रमाणे नंतरचा अर्ज आधीच्या कोर्टाकडं जातो. म्हणजे आधी पळाला त्याचं कोर्ट. त्यावर तोड १९८१ च्या गुडा विजयालक्ष्मी निकालात आहे: कलम २१-अ असलं तरी सर्वोच्च न्यायालयाचा कलम २५ चा अधिकार कायम राहतो.

आता भाषा. आपल्या भागात यावर बोलल्याशिवाय सुटका नाही. कर्नाटकातल्या तालुका-जिल्हा कोर्टाचं कामकाज कन्नड आणि इंग्रजीत, पलीकडं मराठी आणि इंग्रजीत. बेळगावातल्या मराठी माणसाला आपल्याच साक्षीचा कागद वाचता येत नाही, आणि दावा हुपरीचा किंवा मिरजेचा असला तर कन्नडिगाला तीच अडचण. हे कारण अर्जात जरूर लिहा, पण त्या एकाच खुंटीवर सगळं टांगू नका. २०२३ साली प्रमोद सिन्हा प्रकरणात सिलीगुडीचे साक्षीदार उत्तर प्रदेशात भाषेमुळं अडचणीत येतील म्हणून अपघाताचं प्रकरण दार्जिलिंगला मागितलं होतं. कोर्टानं नाकारलं. उलटं उदाहरण जयललितांचं. त्या तमिळनाडूच्या मुख्यमंत्री असल्यानं तिथं निःपक्ष सुनावणी होईल का, या शंकेवरून त्यांच्यावरचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला २००३ साली चेन्नईहून बेंगळूरला आला तेव्हा तमिळ कागदपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे इंग्रजीत भाषांतर करून घेतले गेले. निःपक्ष सुनावणीचा प्रश्न उभा राहिला की भाषेची अडचण भाषांतरावर सोपवली जाते. आपल्याकडं वाटणीच्या दाव्यात आजोबांच्या काळचं खतपत्र मोडीत निघतं. मग आधी मोडीचं मराठी आणि मग मराठीचं इंग्रजी, असा दुहेरी खर्च धरूनच चाला.

अर्जात काय लिहायचं

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातली एक मुलगी आली. माहेरी परतलेली, पदरी तीन वर्षांचं पोर, आणि नवऱ्यानं पुण्याच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज लावलेला. कुणाकडून तरी करून आणलेल्या तिच्या अर्जात ‘प्रवास अत्यंत त्रासदायक आहे’ हे वाक्य तीन ठिकाणी होतं आणि आकडा एकही नव्हता. मी विचारलं, "मागच्या तारखेला काय झालं ते सांग." ती सांगत गेली. आदल्या रात्री निघायचं, म्हाताऱ्या वडिलांना बरोबर न्यायचं, पोराला मावशीकडं ठेवायचं, सकाळी पुण्यात उतरून स्टँडवरच तोंड धुवायचं, कोर्टात पोचल्यावर कळायचं की साहेब रजेवर आहेत. मग तिनं पिशवीतून तिकिटं काढली. त्यात शून्य रुपयांची गुलाबी तिकिटंही होती, शक्ती योजनेची (कर्नाटकात बायकांना बसप्रवास मोफत देणारी योजना), सीमेपर्यंतची. "ह्याचे पैसे नाहीत, ह्याचा काय उपयोग?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, "बाळ, पैसे नसले तरी तारीख आहे ना!"

आम्ही अर्ज तिथंच नव्यानं लिहिला. एकूण किती तारखा पडल्या, त्यातल्या किती तारखांना काम झालं, एका फेरीत किती तास आणि किती रुपये गेले, पोर कुणाकडं ठेवलं, वडिलांच्या कुठल्या आजाराचे कागद आहेत. नोटीस निघाली, स्थगिती मिळाली. नवऱ्याच्या बाजूनं प्रवासखर्च द्यायची तयारी दाखवली गेली, जी अशा प्रकरणांत नेहमीच दाखवली जाते. पण तिची अडचण मुळात पैशाची नव्हती. पोर कुणाकडं ठेवायचं ही होती, आणि ती अर्जात तारीखवार लिहिलेली होती. प्रकरण बेळगावला आलं.

म्हणून आजपासूनच तिकिटं, दवाखान्याचे कागद, शाळेचा दाखला, पगारपत्रक आणि प्रत्येक तारखेचा रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) जपा. रोजनामा ई-कोर्ट्स ॲपवर मिळतो. त्यासाठी सोळा अक्षरी सीएनआर (प्रकरणाचा ओळख) क्रमांक लागतो, तो कर्नाटकात ‘केए’ आणि महाराष्ट्रात ‘एमएच’ नं सुरू होतो. जमिनीचं असेल तर इकडचं पहाणीपत्रक किंवा तिकडचा सातबारा. न्यायाधीशांवर पक्षपाताचा आरोप हातात ठोस काही असल्याशिवाय लिहू नका. असा अर्ज फसला की पुन्हा त्यांच्यासमोरच उभं राहायचं असतं.

कमी मागणीत काम भागतंय का, तेही बघा

बऱ्याच पक्षकारांना दावा हलवायची गरजच नसते, त्यांना फक्त फेऱ्या कमी हव्या असतात. दिवाणी दाव्यात दर तारखेला पक्षकारानं हजर राहायलाच हवं असं नाही, वकीलपत्रावर वकील उभा राहतो. सरतपासणी (आपल्याच बाजूनं होणारी आपली साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते, म्हणजे खरी फेरी उलटतपासणीपुरती. साक्षीदार आजारी किंवा दूरचा असेल तर आदेश २६ खाली कमिशन, म्हणजे कोर्टाच्या वतीनं जबाब घेणारा माणूस, नेमून त्याच्या गावीच जबाब घेता येतो, दुसऱ्या राज्यातसुद्धा. व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष मागता येते. कौटुंबिक प्रकरणांत मात्र संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या २०१७ च्या निकालापासून समेटाचे प्रयत्न फसल्यावर आणि दोघांची तयारी असल्यावरच हा मार्ग खुला होतो. माझं मत विचाराल तर पैशाच्या साध्या दाव्यासाठी दिल्लीची फेरी परवडत नाही. तिथल्या वकिलाची फी आणि सगळ्या कागदांची इंग्रजी भाषांतरं धरली तर तेवढ्यात कोल्हापूरच्या कित्येक तारखा होतात.

अर्ज टाकल्यावर

कलम २५ चा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. ते प्रतिज्ञापत्र बेळगावात नोटरीपुढं करून पाठवता येतं. सर्वोच्च न्यायालयात तुमच्या वतीनं कागद दाखल करायला ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच लागतो, इथला वकील कितीही मोठा असला तरी. फी झेपत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन लावा. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, आणि तो सर्वोच्च न्यायालयातही मिळतो. २०१९ पासून असे अर्ज तिथं एकच न्यायमूर्ती ऐकू शकतात. घरगुती प्रकरण असेल तर पुष्कळदा आधी मध्यस्थीकडं पाठवतात. तिथं जायला कुरकुर करू नका, बरीच भांडणं तिथंच मिटतात. अर्ज निव्वळ छळवादाचा निघाला तर समोरच्याला दोन हजार रुपयांपर्यंत भरपाई देववायची तरतूद कलम २५ मध्येच आहे. आजच्या हिशेबानं रक्कम किरकोळ, पण रेकॉर्डवर तो शेरा राहतो.

एक चूक मात्र महागात पडते. अर्ज दिला म्हणून खालचं काम थांबत नाही. स्थगितीचा हुकूम हातात येईपर्यंत प्रत्येक तारखेला तुमचा वकील खालच्या कोर्टात उभा असलाच पाहिजे. "दिल्लीला अर्ज टाकलाय" म्हणून घरी बसलेल्या माणसावर एकतर्फी हुकूमनामा झालेला मी पाहिलाय. तो रद्द करून घ्यायला मुदत तीस दिवसांची.

हुकूम तुमच्या बाजूनं झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल दोन्ही कोर्टांत द्या. फाइल जुन्या कोर्टातून निघाली का आणि नव्या कोर्टात पोचली का, याचा पाठपुरावा स्वतः करा. नव्या कोर्टात नवा वकील, नवं वकीलपत्र, नवा सीएनआर. काम थांबलं होतं तिथून पुढं चालवायचं की नव्यानं सुरू करायचं, हे वरच्या कोर्टानं सांगितलं नसेल तर नवं कोर्ट ठरवतं. दावा राज्य ओलांडून आला तरी त्याला कायदा मूळ कोर्टानं जो लावायला हवा होता तोच लागतो, हे कलम २५ च्या शेवटी लिहिलंय. निपाणीहून कोल्हापूरला गेलेल्या फाइलीतल्या कन्नड साक्षींचं भाषांतर पहिल्या तारखेच्या आत तयार ठेवा, नाहीतर ती तारीख भाषांतराची मुदत मागण्यातच जाते.